पालथ्या कपांच्या गावाला

सुरक्षा परिषदेची फेररचना कशी व्हावी यावर मी गेली कित्येक वर्षं व्याख्यानं देते आहे आणि परिषद होती तशीच आहे. यावरून माझ्या वक्तृत्वाचा अंदाज कुणी बांधू नये. सांगायचं एवढंच, की या विषयावर बोलायला महाराष्ट्रात फारसं कुणी बोलावत नाही. ताणमुक्त जीवन, आनंदी सहजीवन असल्या विषयांना बारा महिने हंगाम असतो. माझा विषय ऐकला की आयोजक घसा खाकरतात आणि "मॅडम, थोडं हलकंफुलकं काही नाही का?" असं विचारतात. त्यामुळं नाशिक जिल्ह्यातल्या एका द्राक्षांच्या गावातून फोन आला आणि पलीकडची बाई म्हणाली, "आम्हाला सुरक्षा परिषदच पाहिजे, हलकंफुलकं अजिबात नको," तेव्हा तिनं नंबर बरोबर लावलाय ना, याची मी आधी खात्री करून घेतली.

परत आल्यावर यावर लिहू का, असं विचारलं तर गावकरी म्हणाले, खुशाल लिहा, पण गावाचं नाव नको. म्हणून मी त्याला पानवाडी म्हणते. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, मुंबई-आग्रा महामार्गाच्या एका अंगाला, एवढा पत्ता पुरे.

नाशिक, शुक्रवार सकाळ

कोल्हापूरच्या माणसाला नाशिकमध्ये उतरल्या उतरल्या मिसळ खायला घालणं याला धाडस लागतं. ते धाडस मंजुळा गावित या बाईंकडं होतं. मला फोन करणाऱ्या त्याच. पानवाडीच्या शाळेत भूगोल शिकवतात, वय चाळिशीच्या आतबाहेर, बोलणं तडकाफडकी. स्टँडवर मला न्यायला त्या स्वतः गाडी घेऊन आल्या होत्या आणि माझी बॅग माझ्या हातातून जवळजवळ हिसकावूनच त्यांनी डिकीत टाकली.

शहराबाहेर एका झाडीतल्या हॉटेलात आम्ही बसलो. मिसळ आली ती एकटी आलीच नाही. बरोबर पाव, पापड, दही आणि वर जिलबी. मी जिलबीकडं संशयानं पाहिलं. आमच्याकडं मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइस आणि कपाळावर घाम, एवढाच लवाजमा असतो. रस्सा मात्र काळ्या मसाल्याचा, खमंग, आणि तिखट... बरा होता. "बरा" म्हणाले तर मंजुळाबाई हसून म्हणाल्या, "कोल्हापूरकरांनी बरा म्हटलं म्हणजे आमच्या आचाऱ्याला पगारवाढ द्यायला पाहिजे." मी जिलबीही खाल्ली. घरी कुणाला सांगितलेलं नाही.

"आता मला खरं सांगा," मी म्हटलं, "सुरक्षा परिषदच का?"

"कारण आमच्या गावात ती आहे," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, बाई थट्टा करतायत. पण गाडी महामार्गाला लागली आणि दोन्ही बाजूंना द्राक्षबागांचे मांडव पळायला लागले तशी त्यांनी सगळी हकीकत सांगितली, आणि ती ऐकून राज्यशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिकेला जो आनंद होतो तो इतरांना कळायचा नाही.

फार पूर्वी पानवाडीत पाच घराण्यांचं आपसांत हाडवैर होतं. मिरवणुकीचा रस्ता, पाटाचं पाणी, बांध, काहीही कारण पुरायचं आणि डोकी फुटायची. तेव्हाचे शाळेचे हेडमास्तर रेडिओ ऐकणारे आणि जगाच्या शांततेची काळजी वाहणारे गृहस्थ होते. त्यांनी पाचही घराण्यांच्या कर्त्यांना शाळेच्या ओसरीवर गोळा करून गावाची शांतता समिती काढली, आणि तिची घटना लिहिताना जगाच्या सुरक्षा परिषदेची सरळ नक्कल केली. पाच सभासद कायमचे, बाकीचे दोन-दोन वर्षांनी बदलणारे. हेडमास्तरांना फक्त पाच कायम जागा उचलायच्या होत्या. पण पाचही जण अडून बसले. बाकीचे चौघे मिळून आपल्याविरुद्ध ठराव करणार नाहीत याची खात्री असल्याशिवाय एकही जण ओसरीची पायरी चढेना. मग हेडमास्तरांनी नकाराधिकारसुद्धा देऊन टाकला. पाचांपैकी एकाचीही हरकत असली की विषय बंद.

"अहो, जगातही अगदी असंच झालं होतं," मी सीटवर उसळून म्हणाले. "तो अधिकार नसता तर बडी राष्ट्रं आत बसलीच नसती."

"हो ना. पण आमच्यात आणखी एक अडचण होती," मंजुळाबाई म्हणाल्या. "तोंडावर 'नाही' म्हटलं की पुन्हा मारामारी. मग हेडमास्तरांनी शक्कल काढली. पाच कप-बशा आणल्या. ठराव मांडला की चहा द्यायचा. मान्य असेल त्यानं प्यायचा. ज्याची हरकत असेल त्यानं कप बशीवर पालथा घालायचा. कारण विचारायचं नाही, त्यानंही सांगायचं नाही."

"आणि बदलणारे सभासद?"

"त्यांना ग्लासात चहा. ग्लास पालथा घातला तर नुसता चहा सांडतो."

त्या स्वतः सध्या अशा ग्लासवाल्या सभासद होत्या. गावाच्या कडेला जी वस्ती आहे तिच्या वतीनं. त्यांचे वडील सुरगाण्याकडून द्राक्षांच्या छाटणीला दर हंगामाला यायचे. भात काढून झालं की जीपला लोंबकळून इकडं, पाऊस जवळ आला की परत. मग केव्हातरी परत जायचे राहून गेले. तसेच इतरही राहिले. आज वस्ती गावाएवढीच झाली आहे आणि समितीपुढं येणारे बहुतेक तंटे वस्तीचे असतात, पण कायम जागा पाच घराण्यांकडंच. जागा मागणारा अर्ज आजवर दर वेळी कुणाच्या ना कुणाच्या कपाखाली गेला होता.

"उद्या दुपारी पुन्हा बैठक आहे. आज तुमचं भाषण," मंजुळाबाईंनी एका टेम्पोला मागं टाकत सांगून टाकलं. "स्पष्टच बोलते मॅडम, तुम्हाला त्यासाठीच आणलंय."

म्हणजे मी वक्ता नसून तोफ होते. मला राग यायला हवा होता, पण निवृत्तीनंतर आपला कुणाला काही उपयोग होतो आहे ही भावना रागापेक्षा मोठी निघाली.

मग त्यांनी गाडी हळू केली आणि हाताने दाखवलं. महामार्गाच्या कडेनं, ट्रकांच्या वाऱ्यात, शाळेची पोरं दप्तरं छातीशी धरून एकामागं एक चालली होती. वस्तीतून शाळेला जायची जुनी वाट नानांच्या बागेच्या बांधावरून होती. नाना म्हणजे पाच कायम सभासदांतले सगळ्यांत वडीलधारे. त्यांनी दोन हंगामांपूर्वी बागेला तारेचं कुंपण घातलं आणि वाट त्यात गेली. समितीत तो तंटा निघाला की नाना स्वतःच्याच तंट्यात स्वतःचाच कप पालथा घालतात.

"गेल्या पावसाळ्यात एका मुलीला टेम्पोचा धक्का लागला. पायावर निभावलं," मंजुळाबाई म्हणाल्या. "मी रोज शाळेच्या फाटकात उभी राहते, सगळी आली का बघायला. मला समितीतली खुर्ची मिरवायला नको आहे, मॅडम. ही वाट उघडायची आहे."

पानवाडी, शुक्रवार दुपार आणि संध्याकाळ

पानवाडीची एक रीत फार कडक आहे. बाहेरून आलेल्या पाहुण्याचं प्रत्येक जेवण कायम सभासदांच्या घरी, पाळीपाळीनं. एक जेवण चुकवलं तर ते घराणं वर्षभर रुसतं. माझं शुक्रवार दुपारचं जेवण नानांकडं निघालं. मी मनातून त्यांच्याशी भांडायची पूर्ण तयारी करून गेले.

भांडायला जागाच ठेवली नाही त्या माणसानं. सडपातळ, ताठ, पांढरी टोपी, डोळ्यांत मिश्कीलपणा. मला अंगणात पाहताच म्हणाले, "या म्याडम. तुमच्या कोल्हापूरला मी एकदा आलतो, कुस्त्या बघाया. परतताना चप्पल चोरीला गेली, ती बी कोल्हापुरीच व्हती, तिथंच घेतलेली. गावाची वस्तू गावात ऱ्हायली." आणि स्वतःच खदखदून हसले.

त्यांची सून सटाण्याकडची. तिनं खापरावर पुरणाचे मांडे केले होते. पालथ्या खापरावर रुमालाएवढा मांडा झरझर पसरताना पाहून मी तोंडात बोट घातलं. आमच्याकडं पाहुण्याला तांबड्या रश्श्यानं जागं करतात, इथं मांडे आणि दूध घालून झोपवतात. मी "पुरे" म्हणत होते आणि ती "आखो एक ल्या ना ताई" म्हणत वाढत होती. तिसऱ्या मांड्यानंतर मला सुरक्षा परिषदेतलं काहीही आठवेनासं झालं. हा नानांचा डाव असावा अशी शंका मला तेव्हाही आली होती, आजही आहे.

हात धुताना मी विषय काढलाच. "नाना, ती वाट..."

"म्याडम," ते गोड आवाजात म्हणाले, "जेवलेल्या घरी तंटा काढत नसत्यात. समितीत काढा."

समितीत काढला की कप पालथा. घरी काढला की रीत मोडते. चारी बाजूंनी कुंपण घातलेला माणूस होता तो!

संध्याकाळी शाळेच्या मैदानात व्याख्यान झालं. गर्दी पाहून माझा विश्वास बसेना. पुढं खुर्च्यांवर गाव, मागं पोती आणि चादरी अंथरून वस्ती. मागची गर्दी जास्त. मी सगळा इतिहास सांगितला. महायुद्ध जिंकलेल्यांनी कायमच्या खुर्च्या कशा घेतल्या, परिषदेसमोरचे कितीतरी प्रश्न आफ्रिकेतले असून आफ्रिकेला कायमची एकही खुर्ची कशी नाही, घटना बदलायची तर त्याच पाचांची संमती कशी लागते, आणि एखाद्यानं नवी खुर्ची मागितली की त्याचा शेजारीच पहिल्यांदा विरोध कसा करतो. "एवढी मोठी लोकसंख्या असलेल्या भारताला बाहेर ठेवून जगाचे निर्णय घेणं हा अन्याय आहे," असं मी म्हणाले, तर टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात टाळ्या नाना वाजवत होते. मंजुळाबाई व्यासपीठाच्या कडेला उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडं पाहून कपाळाला हात लावला.

प्रश्नोत्तरांत पहिले नानाच उठले. "म्याडम, तुमचं समदं पटलं. पन त्या पाचांनी जग सांभाळलंच ना? त्या मोठ्या लढाईसारखी लढाई परत झाली का? नाय झाली. मोडकं का असंना, छप्पर हाय डोक्यावर. ते हलवाया गेलं आन् समदंच खाली आलं तर?"

प्रश्न चांगला होता. मोठमोठे विद्वान हेच विचारतात, फक्त त्यांना जास्त वेळ लागतो. मी म्हणाले, "नाना, छपराखाली जे बसलेत ते कोरडे राहिले हे खरं. पण बाहेर भिजणारे विचारणारच की." मागच्या पोत्यांवरून शिट्ट्या आल्या.

मग त्याच पोत्यांवरून एक बाई उठल्या. डोक्यावर पदर, कडेवर नातू. "भारताला खुर्ची भेटली, त आपुन तो नकार घेणार का सोडणार?"

कित्येक वर्षांच्या व्याख्यानांत हा प्रश्न मला कुणी असा विचारला नव्हता. सरकारची भूमिका मला पाठ होती, ती सांगता आली असती. पण मी म्हणाले, "बाई, खरं सांगायचं तर मला माहीत नाही. खुर्ची मिळाल्यावर माणसं बदलतात." तेवढ्यावर त्या बसल्या, आणि नातवाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

लासलगाव, शनिवार सकाळ

बैठक दुपारी होती, म्हणून मंजुळाबाई मला लासलगावचा कांदाबाजार दाखवायला घेऊन गेल्या. आमच्याकडं गुळाचे सौदे पाहिले होते, त्यामुळं मी जरा नाकानं कांदे सोलतच गेले आणि तिथं खरोखरच्या कांद्यांनी माझं नाक सोलून काढलं. जिथवर नजर जाईल तिथवर ट्रॅक्टर, प्रत्येकात लालसर ढीग, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॅक्टरवरून दुसऱ्याकडं सरकतोय, आरडाओरडा, हात वर, संपलं, पुढचा. मी ऐटीत एका ट्रॉलीच्या कडेला फोटोसाठी रेलले, तर फाळका सुटला आणि दोन-चार पाट्या कांदे माझ्या पायांवरून घरंगळत गेले. शेतकरी दादा रागावण्याऐवजी "लागलं काय मावशी?" म्हणत माझ्याबरोबर कांदे वेचायला बसले. मी शिंकत होते, ते हसत होते. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत बळेच कांदे भरले. ते कोल्हापूरपर्यंत माझ्याबरोबर आले.

परतीच्या वाटेवर मंजुळाबाईंची बोटं स्टिअरिंगवर वाजत होती.

"भीती वाटते का?" मी विचारलं.

"भाऊसाहेब काल रात्री घरी येऊन गेले," त्या म्हणाल्या. भाऊसाहेब म्हणजे समितीचे या वर्षीचे अध्यक्ष, पाचांपैकीच एक, मवाळ माणूस. "म्हणाले, मॅडम, यंदा चांगली बातमी देतो. काय ते सांगितलं नाही. मला चांगल्या बातमीचीच भीती वाटते."

पानवाडी, शनिवार दुपार

मला निरीक्षक म्हणून ओसरीच्या कोपऱ्यात खुर्ची दिली. जगाच्या परिषदेत जे कधी मिळालं नाही ते इथं मिळालं, मी आतून बैठक पाहत होते. पाच कायम सभासद भिंतीला टेकून बाकावर, समोर छोट्या टेबलावर पाच कप-बशा, निळ्या फुलांच्या. बाकीचे सतरंजीवर, हातात स्टीलचे ग्लास.

पहिला विषय जत्रेतल्या लाउडस्पीकरचा. सगळ्यांनी चहा प्यायला, ठराव मंजूर. दुसरा विषय वाटेचा. पुन्हा चहा. नानांनी शांतपणे कप उचलला, चहा अंगणात ओतला, कप बशीवर पालथा ठेवला आणि बिस्कीट खाऊ लागले. कुणी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. कालच माझ्या भाषणाला टाळ्या वाजवून जे हात लाल झाले होते, त्याच हातांत आता बिस्कीट होतं. मला चीड आली, आणि ती अजून गेलेली नाही.

तिसरा विषय वस्तीच्या कायम जागेचा. भाऊसाहेब खाकरले. "गावित मॅडम, आम्ही पाचांनी इचार केला. वस्तीला कायम जागा द्यायची. सर्वानुमते."

सतरंजीवर हालचाल झाली. मी खुर्चीत पुढं सरकले.

"फक्त," भाऊसाहेब म्हणाले, "कप नाय. हेडमास्तरांनी पाचच कप आणलेत, ते पाचच ऱ्हातील. तुम्ही कायम बसा, बोला, मत द्या. चहा ग्लासात."

खरं सांगते, माझी मान आनंदानं हलायला लागली होती. कायम सदस्यत्व, पण नकाराधिकाराशिवाय! जगभरचे मुत्सद्दी याच तोडग्यावर वर्षानुवर्षं घोटाळतायत आणि पानवाडीनं तो एका चहात दिला. मी मंजुळाबाईंकडं पाहून "घ्या, घ्या" अशा खुणा करत होते. भाऊसाहेबांनी स्वतः उठून त्यांच्या समोर चहाचा ग्लास ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर चांगुलपणा होता.

मंजुळाबाईंनी ग्लासाला हात लावला नाही.

"भाऊसाहेब," त्या म्हणाल्या, "माझ्या आज्याला बाजारातल्या हॉटेलात वेगळ्या भांड्यात चहा मिळायचा. बाहेर ठेवलेल्या. पिऊन झालं की त्यानं ते स्वतः धुवायचं. दोन वर्षं मी हा ग्लास घेतला, कारण तो दोन वर्षांचाच होता. आता तुम्ही तो मला कायमचा देताय?"

माझी मान थांबली.

"नाय, नाय मॅडम! तसा इषयच नाय," भाऊसाहेब कासावीस झाले. "आमच्या मनात तसलं काय..."

"तुमच्या मनात नसेल. ग्लास समोर आहे." त्या उभ्या राहिल्या. आवाज चढला नव्हता. "मला कप नको. मला खुर्चीपण नको. आमचे तंटे आम्ही इथं आणतो म्हणून ही समिती चालते. आजपासून नाही आणणार. उद्या सकाळी वस्तीत आमची बैठक. पहिला विषय वाटेचा. ज्याला बोलायचं असेल त्यानं तिथं यावं."

त्या पायऱ्या उतरून गेल्या. सतरंजीवरचे बरेच जण आपले ग्लास तिथंच ठेवून त्यांच्या मागं गेले.

नाना म्हणाले, "तापट हाय बाई. येईल परत."

पण संध्याकाळी भाऊसाहेबांच्या घरी जेवताना ते नुसते भाकरीचे तुकडे करत होते. शेवभाजी फक्कड होती, मी एकटीच खात होते. "म्याडम," ते म्हणाले, "तिकडचे तंटे आले नाय, तर आमी पाच जण बसून करनार काय? एकमेकांचा चेहरा बघनार? आन् परवापासून नानांची बाग उतरायची हाय, पिंपळगावच्या पॅकहाउसला माल जायचाय. तोडणीला मानसं वस्तीचीच लागत्यात."

"मग नानांना सांगा की."

"कोन सांगनार?" भाऊसाहेब म्हणाले. "नानांना आजवर कुनी काय सांगितलंच नाय. कप पालथा पडला की आमी गप."

वस्ती, रविवार सकाळ

परतीची गाडी दुपारची होती. सकाळचं जेवण रीतीप्रमाणं पाचव्या घराण्याकडं होतं. मी त्यांना हात जोडून निरोप धाडला, की यंदा मला क्षमा करा, माझं जेवण वस्तीत आहे. ते घराणं वर्षभर रुसणार आहे. रुसो बापडं.

मंजुळाबाईंच्या आईनं चुलीवर नागलीची, म्हणजे आमच्या नाचणीची, भाकरी टाकली होती. काळीसावळी, मऊ, आणि तिच्याबरोबर उडदाचं भुजं. मला ते काय असतं हे माहीत नव्हतं. उडदाचं घट्टसर, लसणीचा झणका असलेलं कालवण, आणि हाताशी खुरासणीची, आमच्या कारळ्याची, चटणी. कोल्हापूर-नाशिक वाद मी तिथल्या तिथं मिटवला, दोन्हीकडचा रस्सा हरला. "आधी खाय बाय, मंग बोल," म्हातारी म्हणाली आणि माझ्या ताटात न विचारता आणखी भाकरी मोडली.

समाजमंदिरासमोर चटया अंथरल्या होत्या. माणसं येत होती आणि मिळेल तिथं बसत होती. त्या नातवावाल्या बाई आल्या. सतरंजीवरून उठून आलेले काही जण आले. भाऊसाहेबही आले, चप्पल काढून एका कडेला बसले आणि कुणाकडं पाहावं हे न कळून गुडघ्याकडं पाहत राहिले. मंजुळाबाई मध्यभागी नव्हत्या, बायकांच्या रांगेत होत्या. चेहरा ओढलेला. मला कुजबुजल्या, "नाना आले नाहीत तर हे सगळं पोरखेळ होईल, ताई. आम्ही आमच्यातच बोलत बसू." मॅडमची ताई केव्हा झाले ते मला कळलं नाही, पण बरं वाटलं.

आम्ही वाट पाहिली. पोरं कंटाळून उठली. भाऊसाहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मला माझ्या गाडीची काळजी लागली होती आणि तिची काळजी करतेय याची लाजही वाटत होती.

मग महामार्गाच्या बाजूनं नाना येताना दिसले.

एकटेच होते, काठी टेकत. बागेच्या पलीकडं त्यांचं घर, अलीकडं वस्ती. सरळ आले असते तर पाचेक मिनिटांचं अंतर, पण मध्ये तारेचं कुंपण होतं आणि त्याला कुठं फाटक नव्हतं. टोपी हातात, धोतर धुळीनं लाल, श्वास लागलेला. चटईच्या कडेशी येऊन ते थांबले. एकही खुर्ची नव्हती. एकही बाक नव्हता. सगळे त्यांच्याकडं बघत होते आणि ते, आयुष्यात पहिल्यांदाच असावं, सगळ्यांकडं बघत होते.

"मी कुठं बसू?" नानांनी विचारलं.

बायकांच्या रांगेत मंजुळाबाई थोड्या सरकल्या. नाना काठीवर भार देत खाली बसले. म्हातारीनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी घटाघट रिकामा केला.

"उशीर झाला, नाना," मंजुळाबाई म्हणाल्या.

"उशीर व्हनार नाय तर काय!" नाना उसळले. "त्या हायवेनं वळसा घालून आलो. टेम्पो, ट्रक, काय अंगावर येत्यात गं! दोन डाव मरता मरता वाचलो. पन दुसरी वाट हायच कुठं?"

कुणी हसलं नाही. नानांचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"तोच पहिला विषय आहे, नाना," मंजुळाबाई म्हणाल्या. "बोला."